पेठ बदलायची

१२ मार्च, बुधवार

खालची जागा रिकामी झाली! दुपारी वीरेशअण्णाचा फोन. त्याच्याच इमारतीत, त्याच्या बरोब्बर खाली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नळ आणि तुळशीपुरती मोकळी जागा. मालक म्हणाला, तुमचे आईवडील येणार असतील तर पाडव्यापर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवत नाही.

माझा निर्णय फोनवरच झाला. जायचं. अप्पा, अव्वा, मी — तिघांनीही.

गेल्या रविवारचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. अण्णा शांभवीला घेऊन आला होता, पण गल्लीच्या तोंडाशीच गाडी लावून थांबला. आत आणायची सोय नाही. आमच्या पुढच्या खोलीत चटणी कुटायचं मशीन, म्हणजे डंक, मागे आम्ही. फेब्रुवारी लागला की अर्ध्या पेठेची मिरची आमच्याकडे कुटली जाते. आमची नाकं मेलेली आहेत. पण ती पाच वर्षांची पोर दारात आली की खोकते, मग छाती वाजायला लागते. डॉक्टरांनी बजावलंय — हंगामात तिथं न्यायचं नाही. मग अप्पा उठून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. हात तिखटाचे, म्हणून पाठीमागे धरलेले. नातीच्या गालाला हात न लावता तिच्याशी बोलत उभे होते.

आजोबा नातीला रस्त्यावर भेटतात. हे मी चालू देणार नाही.

शिवाय वैनीची कामावर जायची वेळ आली. मेच्या पहिल्या आठवड्यात तिला हजर व्हायचंय. जयू जेमतेम वर्षाचा. त्याला पाळणाघरात टाकायचं आणि आजी-आजोबा वीस मिनिटांच्या अंतरावर मिरच्या कुटत बसणार? छे! या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आता समाजकार्याच्या दुसऱ्या पदवीला बसलेय. दुसऱ्यांची घरं सुधारायला निघण्याआधी आपलं एक तरी सुधारता आलं पाहिजे.

उद्या अप्पांना सांगते. सोपं आहे.

१३ मार्च

सोपं नाही.

सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. जयूचं नाव काढल्यावर हसलेसुद्धा. मग विचारलं, "आन् ही खोली हाय कुठल्या अंगाला?"

"अण्णाच्याच इमारतीत की, अप्पा. किती वेळा गेलाय तुम्ही."

"जाणं वायलं. ऱ्हाणं वायलं."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि हसावं की कपाळ बडवावं ते समजेना. अण्णाची इमारत रणझुंजार मंडळाच्या पेठेत आहे. आणि अप्पा म्हणजे वाघजाई तालीम. लहानपणी तालमीत लाल माती अंगाला लावली, मोठेपणी फुटबॉलच्या संघामागे फिरले. आजही लीगची मॅच असली की विभूती लावून, जांभळा रुमाल गळ्यात टाकून स्टेडियमला. रणझुंजारचा रंग लाल-काळा, म्हणून आमच्या घरात लाल-काळं काठपदर कधी आलं नाही. अव्वाला एकदा मामानं तसली साडी दिली, ती अजून तशीच घडीत आहे!

कॉलेजात साताऱ्याच्या मैत्रिणीला हे सांगितलं होतं तर तिला वाटलं मी थापा मारतेय.

अप्पा म्हणाले, "माणूस मुलूख बदलतोय, देश बदलतोय. पर पेठ? न्हाय."

अव्वा तिकडे डंकात मिरची सारत होती. मशीनच्या आवाजात तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. मी जवळ जाऊन ओरडून सांगितलं, "अव्वा, आपण अण्णाच्या खाली राहायला जायचं!" ती म्हणाली, "बगू."

चला, एक मत तर पडलं.

१६ मार्च, रविवार

आज रीतसर बैठक घेतली. अण्णा-वैनी आले होते (मुलांना वैनीच्या आईकडे ठेवून). मशीन तासभर बंद. मी सुरुवातीलाच सांगितलं — या घरात आजवर सगळे निर्णय एकट्या पुरुषमाणसाने घेतले, आता तसं नाही. प्रत्येकाला बोलायचा हक्क, मग मतदान.

अण्णा बोलला. वैनी थोडंसं बोलली — "मला काय, तुमची अडचण होणार नसंल तर." मी पुष्कळ बोलले. अप्पा बोलले, पण सगळं फुटबॉलवर. मध्येच आमचं जुनं गिऱ्हाईक झुंबरबाई धने-खोबऱ्याचा डबा घेऊन दारात. बैठक आहे म्हटल्यावर गेली नाहीच, उंबऱ्यावर बसून म्हणाली, "चालू द्या की. मी काय कानात बोळं घालून बसतो."

मतदान. मी, अण्णा, वैनी — हात वर. अप्पांनी मुद्दाम दोन्ही हात मांडीखाली घेतले. अव्वाचे हात कोपरापर्यंत मिरचीचे, पदराला लागू नयेत म्हणून ती ते पुढे धरून बसलेली. तिचा हात कसा वर होणार? तिचं मत मी हो धरलं. नातवंडांजवळ जायला कुठली आजी नाही म्हणेल?

चार विरुद्ध एक. ठराव मंजूर.

झुंबरबाई उठताना म्हणाली, "वर्षाराणी, तू निवडणुकीला उभी ऱ्हा. मतं मोजायला तुझ्यासारखी माणसं लागत्यात."

मी धन्यवाद म्हणाले.

१९ मार्च

रंगपंचमी. आज कुणी मिरची आणत नाही, म्हणून अव्वाने मशीन उघडून तेलपाणी केलं. अप्पा तालमीच्या कट्ट्यावर. "अप्पांना सांग जेवायला या," म्हणाली. गेले तर कट्ट्यावर माझ्या ठरावाचीच चर्चा! जोतीरामकाका — अप्पांचे लंगोटीयार — मला म्हणाले, "काय गं, बाला तडीपार करतीस व्हय?"

मी म्हटलं, "नातवंडांकडे पाठवतेय, काका. तुमची नातवंडं पुण्यात, म्हणून तुम्हाला बरं वाटत नसेल."

काकांनी मान वळवली. मी जरा जास्तच बोलले का? पण खरं ते खरं.

२३ मार्च, रविवार

जागा बघून आले. किती उजेड! खिडकीत उभं राहिलं की वर शांभवीच्या पावलांचा धबधब आवाज. अप्पांचं लिंगपूजेचं आसन कोपऱ्यात बसेल. अव्वाचा ओटा आमच्या घरच्यापेक्षा दुप्पट. भिंतीला भिंत मोजून आले. एकच अडचण — खिडकीतून समोर रणझुंजारचा फलक दिसतो. पडदा लावू.

अव्वाला चल म्हटलं होतं. म्हणाली, "आज शेळक्यांची लग्नाची चटणी हाय. तू बगून ये, तुला कळतंय." माझ्यावर एवढा विश्वास! बरं वाटलं. शेळक्यांची मिरची पुष्कळ होती. मी परत आले तेव्हा अंधार पडत आला होता आणि ती एकटीच पोती हलवत होती. अप्पा उपांत्य फेरीची मॅच बघून, घसा बसवून आले.

डंक कुणाला तरी चालवायला द्यायचा. जोतीरामकाकांचा पुतण्या तयार आहे म्हणे. अप्पांना आता विश्रांती हवी. इतकी वर्षं राबले.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि अप्पांनी मालकाला निरोप धाडायला नकार दिला. "ठराव तुजा. मी सही न्हाय केलेली."

अण्णाने फोन शांभवीच्या हातात दिला. मला वाटलं आता वितळतील.

"अज्जा, तुमी खाली राहायला येणार?"

"बगू या की, बाळ."

"या की! आपण खिडकीतनं मिरवणूक बघू. आमचं रणझुंजार फायनल जिंकणार हाय!"

अप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून बाहेर गेले. *आमचं* रणझुंजार! पोरगी बालवाडीत जाते तिथली सगळी पोरं त्याच मंडळाची. ती तरी काय करणार? अप्पांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू कुणीतरी गेल्याची बातमी आली.

मालकाला मीच फोन केला. आठ दिवस मागून घेतले.

२ एप्रिल

फायनल रविवारी. वाघजाई विरुद्ध रणझुंजार — दुसरं कोण असणार!

मला एक कल्पना सुचली आहे. अण्णा म्हणतो वेडेपणा आहे. वैनी म्हणाली, "शांभवीला टोपी घाला आन् पाणी द्या." म्हणजे तिची संमती.

६ एप्रिल, रविवार

आत्ताच आलो. सगळं लिहिते.

शांभवीला घेऊन अप्पांबरोबर स्टेडियमला गेले. मोकळी हवा, मिरची नाही, आजोबा आणि नात तास-दीड तास शेजारी — एवढाच माझा बेत होता. पण अण्णाने (मुद्दाम? त्याला विचारणार आहे) तिला लाल-काळा टी-शर्ट घालून पाठवलं. अप्पांनी पाहिलं. गळ्यातला जांभळा रुमाल काढून तिच्या डोक्याला बांधला, उन्हासाठी. वर जांभळा, खाली लाल-काळा. असं ध्यान आजवर त्या स्टेडियममध्ये कुणी पाहिलं नसेल!

बसलो अर्थातच वाघजाईच्या बाजूला. आमच्या त्या कोपऱ्यात बायका म्हणजे मी आणि ही चिमुरडी. सगळे तिच्या टी-शर्टकडे बघत होते, पण अप्पांची, रामलिंगची, नात म्हणून गप्प. तिला भडंग खाऊ घातलं. अप्पा तिला समजावत होते — तो बघ गोलकीपर, तो बघ आमचा डाव्या अंगाचा, लई पळतोय.

दुसऱ्या हाफमध्ये अगदी शेवटी रणझुंजारचा गोल झाला. आमची अख्खी बाजू मेल्यासारखी गार. आणि त्या शांततेत शांभवी बाकड्यावर उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडली —

"गोऽऽल! आमी जिंकलो, अज्जा!"

शेकडो माना वळल्या. मागून कुणीतरी शिवी हासडली. "कुणाचं कार्टं हाय रे हे? उचला तिला हितनं!" मी तिला ओढून खाली घेणार, तेवढ्यात जोतीरामकाकाच उभे राहिले, रागाने लाल. "रामलिंग! काय हे? आपल्या बाजूला?"

अप्पा उठले. शांभवीला उचलून खांद्यावर घेतलं — लाल-काळा टी-शर्ट अख्ख्या वाघजाईला दिसेल असा.

"माझी नात हाय. गोल झाला तर वरडणार न्हाय तर काय रडणार? तुज्या संघाला सांग गोल घालायला, मग बग ती वरडती का न्हाय."

कुणीतरी हसलं. मग आणखी एक. जोतीरामकाका पुटपुटत खाली बसले. हरलोच आपण. पण मागून एकाने शांभवीला लेमन गोळी दिली.

परत येताना अप्पांनी शांभवीला खाली उतरवलंच नाही. ती खांद्यावरच झोपली होती. अण्णाच्या दारात तिला उतरवलं, खालच्या बंद दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "किल्ली कुणाकडं असती ह्याची?"

७ एप्रिल

अप्पांनी स्वतः मालकाला फोन केला. बसवजयंतीला जायचं! मुहूर्त बघायला नको, तोच मुहूर्त. जिंकले!!

१३ एप्रिल, रविवार

आजचा दिवस मी वेगळाच धरला होता.

सकाळी जोतीरामकाकांचा पुतण्या मशीन बघायला आला. पट्टा बघितला, मोटार बघितली, मुसळ्या हलवून बघितल्या. अप्पा त्याला सांगत होते, हंगामात कसं चालतं. अव्वा दारातून आली, भाजलेल्या तिळाची परात खाली ठेवली आणि त्याला म्हणाली, "काय बगतोयस?"

"डंक, काकू. चालवायला घेतोय नव्हं."

"कोण देतंय?"

त्याने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी माझ्याकडे.

"चा घे आन् जा, बाळ," अव्वा म्हणाली. "डंक मी चालवतोय. ह्यो हंगाम बी, फुडला बी."

तो चहा न घेताच गेला. मी म्हटलं, "अव्वा, अगं जाणार ना आपण? वीस मिनिटं रोज येऊन-जाऊन तुला कसं झेपेल? आणि मुलांकडे कोण बघणार?"

"तुमी जावा. मी हितंच."

मला वाटलं चेष्टा करतेय. नव्हती करत. मी बोलायला सुरुवात केली — बैठक झाली होती, सगळ्यांचे हात — आणि वाक्य तोंडातच राहिलं. कारण मला आठवलं तो हात वर झालाच नव्हता. मीच वर केला होता.

"मला कुणी इचारलं?" ती म्हणाली. रागाने नाही. धने कमी आहेत हे सांगावं तसं.

१४ एप्रिल

रात्रभर चिडले, सकाळी भांडले. काय काय बोलले! नातवंडं, कुटुंब, जयूचं वय परत येत नाही, तू आजी आहेस. आणि तुझ्यासाठीच तर हे सगळं —

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "ह्या घरात आलो तवा सतराची होतो. दोन दीर, नणंद, सासू-सासरे. दिरांची लग्नं केली. मग तू आन् वीरेश. मग अत्ती, तुजी आजी, अंथरुणाला खिळल्या, त्यांचं केलं. वीरेशला शांभवी झाली तवा तुज्या वैनीचं बाळंतपण मीच केलं. पोरांवर जीव हाय गं माझा, लई हाय. उद्या आजारी पडली तर अंगावर घेऊन बसीन. पर रोजचं न्हाय. परत न्हाय."

अप्पांनी विचारलं, "मग पोरं कोण बगणार?"

"तुमी."

"मी?"

"दिसभर कट्ट्यावर बसता की. तितं काय पगार मिळतोय? डंक कुठं तुमी चालवताय."

झुंबरबाई तेव्हा कोपऱ्यात आपल्या चटणीची वाट बघत बसली होती. हसू आवरेना म्हणून तिने पदर तोंडात घातला.

खरं सांगायचं तर मी आज पहिल्यांदा अप्पांकडे त्या नजरेनं बघितलं. डंकावरची पाटी त्यांच्या नावाची. हात मात्र तिचे.

वर्गात गेल्याच आठवड्यात घरकामाच्या विभागणीवर मी निबंध वाचून दाखवला होता. सरांनी शाबासकी दिली.

१७ एप्रिल

वैनीला सांगायला मीच गेले. वाटलं ती रडेल. ती जयूला भात भरवत होती. शांतपणे म्हणाली, "मला वाटलंच होतं. बैठकीत मी अव्वांच्या तोंडाकडं बगत होतो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलू कुठं देत होतीस, वर्षा?"

मग दोघी हसलो. म्हणाली, मामंजींना जमेल. जमवून घेऊ. महिनाभर तिची आई येते, ती अप्पांना शिकवील.

२० एप्रिल, रविवार

अप्पांची तालीम सुरू — आता खरी! आज दिवसभर जयूजवळ होते. दुपट्याची घडी उलटी, बाटलीचं बूच जमिनीवर, शिट्टीवर झोपवायचा प्रयत्न. जयूने त्यांची विभूती पुसून स्वतःच्या पोटाला लावली. वैनीच्या आईने सांगितलं, "पावणं, बाळाचं डोकं धरा, फुटबॉल न्हाय त्यो." अप्पा म्हणाले, "फुटबॉल बी मी असाच धरत न्हाई."

जोतीरामकाका संध्याकाळी रणझुंजारच्या पेठेत येऊन गेले. कशाला, तर मित्राला बघायला. खिडकीतून तो फलक बघून थुंकले, आणि जयूला मांडीवर घेऊन चांगला तासभर बसले.

मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं.

२६ एप्रिल

मी अव्वाला म्हटलं, ठीक आहे, अप्पा जातील. मी तुझ्याजवळ राहते. दोघी मिळून डंक चालवू. मी कॉलेजातून आले की मदत करीन. मनात म्हटलं, ही खरी बाजू घेणं.

ती कांदा चिरत होती. "तू बी जा."

"एकटी राहणार?"

"व्हय."

"का गं?"

तिने चिरलेला कांदा ताटात सारला. मग म्हणाली, "कवा राहिलोच न्हाई. बगू तरी कसं वाटतंय."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर तुमी काय लांब हाय? पेठ ती काय. वीस मिंटं."

तिने हे असं म्हटलं की मला वाटलं, या घरात सगळ्यात जास्त ठाम माणूस मी नव्हतेच कधी.

३० एप्रिल, बसवजयंती

गेलो. टेम्पोत अप्पांची ट्रंक, माझी पुस्तकं, लिंगपूजेचं सामान. जंगमांनी नव्या घरात पाणी शिंपडलं. अव्वाही आली होती. ओट्यावर दूध उतू घालवलं, जयूला कडेवर घेऊन सगळ्या खोल्या दाखवल्या, शांभवीची वेणी घातली. जेवली. मग पायात चपला सरकवल्या. अप्पा तिला सोडायला रिक्षापर्यंत गेले. दोघं रस्त्यात उभी होती, काय बोलत होती दिसलं नाही. परत आल्यावर म्हणाले, "रविवारी ये म्हणाली. पावण्यासारखं."

मग खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग परत उघडला.

१ मे

कॉलेजला सुट्टी. सकाळी सहज अव्वाकडे गेले. दार आतून लावलेलं. हाक मारली, कडी वाजवली, पुन्हा हाक मारली. डंक बंद होता, तरी आत ऐकू जाईना. मग आतून, घाई न करता — "कोण हाय?"

"मी, अव्वा."

"काय काम हाय?"

काम काहीच नव्हतं. तसं सांगितलं.

"मग चारनंतर ये की."

परत येताना वाटेत विजेच्या दुकानात थांबले. त्या घराला बेल बसवून द्यायला हवी. आजवर कधी लागलीच नव्हती.